आधी गाण्याचा सा घ्या

"सर, हे गाणंच बेसूर आहे."

माझ्याकडे नव्याने शिकायला आलेल्या एका मुलीने हे ठामपणे सांगितलं, आणि तिच्या परीने तिच्याकडे पुरावाही होता. गिटारच्या सहाही तारा तिने नुकत्याच लावल्या होत्या. प्रत्येक तारेला ट्यूनरचा दिवा हिरवा झाला होता. मग मोबाइलवर साठच्या दशकातलं एक हिंदी गाणं लावून ती साथीला बसली, तर एकही कॉर्ड बसेना. मूळ जागी वाजवलं तरी कणसूर, सगळं एक फ्रेट वर सरकवलं तरी कणसूर. आधीच्या क्लासात तिला सांगून ठेवलं होतं की ट्यूनर चुकत नाही. गाणं जुळत नसेल तर ॲपमध्ये गाण्याचा सूर वर-खाली सरकवायचा, गिटारच्या खुंट्यांना हात लावायचा नाही.

हा सल्ला आता इतक्या ठिकाणी ऐकू येतो की तो नियमच वाटू लागला आहे. चांगले वाजवणारे लोकही तो देतात, आणि शिकणाऱ्याचा वेळ वाचावा या चांगल्या हेतूनेच देतात. तरीही तो चुकीचा आहे. मुद्रित गाण्याबरोबर वाजवायचं असेल तर गिटारने गाण्याकडे जायचं असतं, गाण्याला गिटारकडे ओढायचं नसतं. आणि दोघांमध्ये अंतर किती आहे हे आधी कानाने ठरवायचं असतं. हे म्हणणं जुन्या वळणाचं वाटेल, पण त्यामागे भक्कम कारणं आहेत.

ट्यूनरचा हिरवा दिवा नेमकं काय सांगतो ते पाहू. पेटीवरच्या मधल्या पांढरी सहाचा सूर सेकंदाला 440 कंपनांचा धरला, तर तुमची तार त्या हिशेबात बसते, एवढंच तो सांगतो. हा 440 निसर्गाने ठरवून दिलेला नाही. फ्रान्सने 1859 मध्ये कायदा करून 435 हा आकडा ठरवला होता. 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत 440 वर एकमत झालं आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1955 मध्ये त्याला मान्यता दिली. देशोदेशींच्या वाद्यवृंदांना आणि वाद्यं बनवणाऱ्या कारखान्यांना एक सामाईक खूण हवी होती, ती मिळाली. करार उपयोगाचा आहे, मी रोज तो पाळतो. पण गाणं मुद्रित करणाऱ्यांनी तो पाळलाच असेल असं गृहीत धरायला काहीही आधार नाही. पुष्कळदा त्यांनी तो जाणूनबुजून मोडलेला असतो.

आपल्याकडची गिटार शिकणारी निम्मी मुलं ज्या गाण्याच्या ओढीने गिटार विकत घेतात, ते 'स्वीट चाइल्ड ओ' माइन' घ्या. गन्स एन' रोझेसच्या 1987 च्या त्या अल्बममध्ये गिटारी अर्धा सूर उतरवलेल्या आहेत. जिमी हेंड्रिक्स कित्येकदा तसंच करायचा. निर्वाणाच्या 'कम ॲज यू आर'मध्ये त्या पूर्ण एक सूर खाली आहेत, आणि त्या गाण्याची सुरुवातीची ओळखीची हालचाल खालच्या मोकळ्या तारेवरच उभी आहे. ट्यूनरप्रमाणे लावलेल्या गिटारवर तो खालचा सूर अस्तित्वातच नाही. कॅपो लावून तो मिळत नाही, कारण कॅपो फक्त वर नेतो. 'यस्टरडे' गाताना पॉल मॅकार्टनीने गिटार एक सूर उतरवून घेतली होती. बोटं एका पट्टीच्या आकारात पडतात आणि ऐकू दुसरी पट्टी येते. हे सगळे निर्णय वादकांचे आहेत. तार सैल केली की तिचा ताण बदलतो, नाद बदलतो, बोटाखालचा स्पर्श बदलतो. तो नाद ज्याला हवा आहे त्याने तार सैल करावी. गाण्याची फाईल वर ढकलली की गायकाचा गळा तेवढा पिचतो, तुमच्या तारेत मात्र काडीचाही फरक पडत नाही.

काही वेळा मुद्रणानंतर टेपचा वेग बदलला जायचा. बीटल्सचं 'व्हेन आय'म सिक्स्टी-फोर' पांढरी एकमध्ये गायलं गेलं आणि टेप जलद फिरवून अर्धा सूर चढवलं गेलं, कारण मॅकार्टनीला आपला आवाज कोवळा हवा होता. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' तर 1966 च्या अखेरीस झालेल्या दोन वेगळ्या मुद्रणांचा सांधा आहे. दोन्हींची पट्टी वेगळी, लयही वेगळी. वेग कमी-जास्त करून निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी ती एकमेकांना जोडली. परिणामी ते गाणं पेटीच्या कोणत्याही पट्टीवर नेमकं बसत नाही. त्याला 440 ची शिस्त लावणाऱ्याच्या हाती मग नक्की काय उरतं?

आणि काही वेळा खरोखरच यंत्राची चूक असते. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची कथा प्रसिद्ध आहे. 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित झाल्या, तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. हळू मुद्रित झालेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. तो चढलेला सूर तसाच तबकडीवर गेला आणि राखीव यंत्रावरची बरोबर वेगाची टेप वापरून 1992 मध्ये दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत लोकांनी तोच ऐकला. म्हणजे तेहेतीस वर्षं जगभरचे वादक त्या तबकडीबरोबर वाजवायला बसत आणि आपलं वाद्य थोडं चढवून घेत. त्यातूनच ते शिकले.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या गाण्याकडे येतो, कारण विरोधी बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा तिथेच आहे.

तिची प्रत मी मोजली तेव्हा ती सुमारे 70 सेंट चढी निघाली. एका अर्ध्या सुराचे 100 सेंट धरतात. म्हणजे ते गाणं एका फ्रेटच्या 70 सेंट वर आणि पुढच्या फ्रेटच्या 30 सेंट खाली लटकत होतं. म्हणूनच दोन्ही जागी ते कणसूर लागत होतं. हा सत्तरचा आकडा माझ्या ओळखीचा आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. आपल्याकडची जुनी दूरचित्रवाणी पद्धत, आणि तिच्यासाठी बनलेल्या व्हीसीडी-डीव्हीडी, 25 चौकटींच्या. चित्रपट तिकडे उतरवताना तो साधारणपणे सरळ 25 च्या वेगाने पळवत. अडीच तासांचा चित्रपट त्यामुळे सहा मिनिटं आधी संपतो, आणि सूर सावरण्याची वेगळी सोय केली नसेल तर सगळी गाणी 71 सेंट चढतात. अशा डीव्हीडीवरून काढलेली गाणी आज मोबाइलवर फिरत असतात. एकाच गाण्याची तबकडीवरची प्रत वेगळ्या सुरात, कॅसेटवरची वेगळ्या, डीव्हीडीवरची आणखी वेगळ्या, असं सहज घडतं.

"मग ती मुलगी बरोबरच म्हणत होती की! प्रत चुकीची होती. ॲपमध्ये ती दुरुस्त केली तर बिघडलं कुठे?" असं एका शिक्षकमित्राने मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. प्रत चुकीची होती हे मला मान्य आहे. पण दुरुस्ती कशी होते ते पाहा. ॲपमधली सूर सरकवण्याची पट्टी बहुधा अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकते. एक घर खाली नेलं तर गाणं मुळाच्याही 30 सेंट खाली जातं, तरीही ट्यूनरशी जुळत नाही. बारीक सरकवण्याची सोय असलीच, तर ट्यूनरकडे बघणारा माणूस जवळचं घर गाठतो, म्हणजे 30 सेंट वर ढकलतो. झालं! मुळापासून 70 सेंट चढलेलं गाणं आता शंभर सेंट चढलं. हिरव्या दिव्याशी ते चोख जुळतं आणि मूळ पट्टीपासून सगळ्यांत लांब जातं. गायिकेचा आवाज आणखी पातळ होतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आता बरोबर झालं.

समजा, कुणी नेमकं 71 सेंट खाली आणलं. तरी चूक निम्मीच निस्तरली. चार टक्के लयही वाढलेली आहे, आणि सूर सरकवणारं ॲप लय जिथल्या तिथे ठेवतं. खरी दुरुस्ती म्हणजे वेग कमी करणं. मग सूर आणि लय दोन्ही जागेवर येतात. पण ते कधी करायचं आणि कधी नाही हे ट्यूनरला कळत नाही. गिटार उतरवलेली होती, टेप मुद्दाम पळवली होती, यंत्र हळू चाललं होतं, की डीव्हीडीने गाणं चढवलं, हा भेद गायकाचा आवाज ओळखणारा आणि मोकळ्या तारांचा नाद ऐकू येणारा कानच करू शकतो. ज्या कानाला आपण या सल्ल्याने सुट्टी दिली, नेमका तोच कान दुरुस्तीलाही लागतो.

दुसरा आक्षेप असा की दहा-पंधरा सेंटचा फरक कुणाच्या लक्षात येतो? एकामागून एक ऐकलेल्या सुरांत तो कदाचित निसटेल. पण साथ म्हणजे दोन सूर एकाच वेळी वाजणं. गिटारची पहिली मोकळी तार सेकंदाला सुमारे 330 कंपनांची. गाणं तिच्यापेक्षा 15 सेंट वर असेल तर दोघांच्या मिळून सेकंदाला जवळजवळ तीन लाटा उठतात, आणि ती थरथर लांबलेल्या प्रत्येक सुरावर ऐकू येते. शिकणाऱ्याला ती ऐकू येत असते. तिचं नाव काय आणि कारण काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो कॉर्डचा आकार चुकला म्हणून बोटं बदलत बसतो, गिटारला दोष देतो, शेवटी स्वतःला देतो. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांनी याच कारणाने गाण्याबरोबर वाजवणं सोडून दिलं. मला या सल्ल्याचा राग येतो तो मुख्यतः त्यांच्यासाठी.

तारा खराब होतील ही भीती मी लवकर निकालात काढतो. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा सूर उतरवला तर ताण साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो, 30 सेंट उतरवला तर तीन-साडेतीन टक्क्यांनी. एवढ्याने गिटारचं काही बिघडत नाही. चढवताना मात्र जपावं, म्हणून चढ्या गाण्यासाठी मी तार चढवतच नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या गाण्यासाठी आम्ही सगळ्या तारा 30 सेंट उतरवल्या आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला. कॅपो दाबला की सूर किंचित वर जातो, म्हणून तो लावल्यानंतर पुन्हा एकदा जुळवून घेतलं. मग तेच आकार, त्याच कॉर्ड, आणि गाणं गिटारमध्ये मिसळून गेलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

मला जास्त वाईट याचं वाटतं की हा सल्ला आपल्या मातीत रुजतो आहे. ज्या संगीतात सा कुठेही धरता येतो त्या संगीतात आपण वाढलो. गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी चार-पाचमध्ये. बैठकीआधी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या जातात, मग मणी सरकवून सूर बारीक केला जातो, जवारी खुलेपर्यंत कुणी घाई करत नाही. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून त्या सा वर येतो. सारंगीवाला आपल्या तीस-पस्तीस तरफा पुन्हा जुळवतो. गायकाला कुणी म्हणत नाही की माझी सारंगी लावलेली आहे, तुम्ही गळा सरकवा. साथ करणाऱ्याने मुख्य सुराकडे जायचं, हा संस्कार आपल्याकडे लहान मुलालाही असतो. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. पेटीचे सूर पक्के बांधलेले आहेत, ते गळ्यामागे वाकत नाहीत, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप होता. मी त्या बंदीच्या बाजूचा नाही. पेटीवाल्यांनी जी साथ या महाराष्ट्राला ऐकवली आहे तिच्यापुढे मी हात जोडतो. पण पेटीचे सूर जागचे हलत नाहीत म्हणून ज्या देशात तीस वर्षं वाद चालला, तिथे सहा खुंट्या असलेलं वाद्य हाती घेऊन आपण मुलांना सांगायचं की खुंटीला हात लावू नकोस?

मी स्वतः कॅसेटवर शिकलो. घरी टू-इन-वन होता. वीज असली की गाणं एका सुरात लागायचं. लोडशेडिंग सुरू झालं की सेलवर, आणि सेल उतरत आले की गायकही हळूहळू खाली उतरायचा. माझ्याकडे ट्यूनर नव्हता. गाणं लावायचं, सा गुणगुणायचा, तार त्याच्याकडे न्यायची, आणि अर्ध्या तासाने पुन्हा न्यायची. त्या काळी मला ती कटकट वाटायची. आज वर्गात कुणाची कोणती तार किती उतरली आहे हे मला न बघता कळतं, ते त्या कटकटीमुळे. यात जन्मजात देणगीचा भाग नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी वाद्य वाजवलेलं नव्हतं.

"नवख्या मुलाला हे जमणार कसं?" या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर कृतीतच आहे. ट्यूनर फेकून द्यायला मी सांगत नाही. त्याने सहा तारा एकमेकींशी जुळवून घ्या. मग गाणं लावा आणि लांब टिकणारा सूर शोधा; बहुतेक गाण्यांत तो शेवटी बेसवर मिळतो. तो तोंडाने गुणगुणा. गुणगुणता आला की निम्मं काम झालं. मग चौथ्या तारेवर त्याच्या सगळ्यांत जवळचा फ्रेट शोधा आणि तो सूर वाजत असताना बोटाने तार किंचित बाजूला ओढा. तार ओढली की सूर नेहमी वरच जातो. ओढल्यावर गोड लागलं तर तुमची गिटार खाली आहे. ओढल्यावर आणखी बिघडलं तर ती वर आहे. एवढी एक खूण कळली की दिशा कळली. त्या तारेला लाटा मंदावून थांबेपर्यंत हलवा, आणि उतरवताना गरजेपेक्षा थोडं जास्त खाली नेऊन मग वर आणा, म्हणजे खुंटीच्या दात्यातली ढिलाई नंतर दगा देत नाही. त्या तारेवरून बाकीच्या पाच लावा. जुन्या मुद्रणात कधी वाद्यांचेच सूर आपापसांत पटत नाहीत. तेव्हा गायकाचा आवाज धरा.

हे सगळं झाल्यावर ट्यूनर पुन्हा हाती घ्या आणि आता त्याला विचारा की मी कुठे पोचलो. तो सांगेल: 30 खाली. वहीत गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवा: "30 खाली, कॅपो 1". पुढच्या वेळी अर्ध्या मिनिटात गिटार तिथे येईल. त्याच ट्यूनरमध्ये 440 ऐवजी दुसरा आकडा ठेवण्याची सोय बहुधा असतेच. 30 सेंट उतरलेल्या गिटारसाठी तो 432 आणि 433 च्या मधे येतो. ती सोय बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की सगळं जग 440 वर वाजत नाही. आपल्या क्लासांमधून ती कुणी दाखवत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

सरावासाठी गाणं हळू करून ऐकायला माझी काहीच हरकत नाही, मीही करतो. कठीण तुकडा हळू ऐकल्याशिवाय बोटांत बसत नाही. लय हळू केली तरी गाण्याचा सा तिथेच राहतो आणि गिटारला त्याच्याकडेच यावं लागतं. माझा विरोध फक्त सा हलवण्याला आहे.

गिटार शिकवणाऱ्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या महिन्यात एक तास यासाठी ठेवा. मुलाच्या आवडीचं एक जुनं गाणं लावा, त्याची गिटार ट्यूनरने लावलेली असू द्या, आणि न जुळणारे ते दोन सूर त्याला एकत्र ऐकू द्या. मग ट्यूनर तुमच्या खिशात ठेवा, आणि खुंटी त्याला स्वतःला पिळू द्या.